‘शांतता राखा’च्या पाटीखालचे दोन भाऊ

वाचनालयात किस्से रद्दीसारखे साठतात बघा. फरक एवढाच, की रद्दी काढायची तर कार्यकारिणीचा ठराव लागतो आणि किस्से काढायला नुसता चहा पुरतो. चहा आलाय, तर ऐका.

उदगीरकडून देवणीला जाताना आमचं गाव लागतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर आमचे अध्यक्ष उद्या सकाळी काखेत छत्री मारून दारात उभे राहतील, "शोभाताई, संस्थेची बदनामी केलीत" म्हणून. तर ह्या गावात एक सार्वजनिक वाचनालय आहे. खाली दोन खोल्या, वर पत्र्याचा हॉल आणि भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी. मी तिथली ग्रंथपाल. माझ्या जोडीला रज्जाकभाई. कागदावर ते शिपाई. पण दार उघडण्यापासून ते कपाटामागची पाल हाकलण्यापर्यंत सगळं तेच बघतात. माझ्यावर रागवायचं कामही त्यांच्याकडंच आहे.

आमच्याकडं रोज सकाळी पेपर वाचायला दोन भाऊ येतात. थोरले अण्णाराव, धाकटे नागनाथराव. दोघंही शेतकरी, आता शेती वाटेकऱ्याकडं आणि वेळ आमच्याकडं. राहतात एकाच घरात, मधे भिंत घातलेली. आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. कैक वर्षं झाली.

कारण सांगते. त्यांच्या घरी शंभू नावाचा देवणी जातीचा बैल होता. नागनाथरावांनी वासरू असल्यापासून हातानं वाढवलेला. म्हातारा झाला होता. नागनाथराव एकदा किनवटला पाहुण्यांच्या लग्नाला गेले. परत येऊन बघतात तर गोठ्यात नुसतं दावं. अण्णारावांनी बैल बाजारात नेऊन विकला होता. "मला इचारलं बी न्हाई," एवढं नागनाथराव म्हणाले, आणि ते शेवटचं.

आता गावात अबोला पाळणं काही सोपं नसतं. पारावर बसलं की लोक मुद्दाम दोघांना एकाच बाजेवर बसवतात. लग्नात गेलं की वाढपी विचारतो, "काय, भावाशी बोलता का न्हाई अजून?" वाचनालयात मात्र भिंतीवरच लिहिलंय, बोलू नका म्हणून. दोघांनाही जागा बरोबर सापडली.

*

आमच्याकडं लातूरचा एक पेपर येतो. टेबलाच्या ह्या टोकाला अण्णाराव, त्या टोकाला नागनाथराव. बाहेरचं पान आधी थोरल्याला, आतलं धाकट्याला. हे कुणी ठरवलं विचारू नका, मी नोकरीला लागले तेव्हापासून असंच. पानांची अदलाबदल व्हायची ती रज्जाकभाईंच्या मार्फत.

"रज्जाक, त्या खुर्चीला म्हणावं, आतलं पान झालं असंल तर सोडा."

"रज्जाकभाई, त्या खुर्चीला सांगा, वाचून राहिलोय."

दोन्ही खुर्च्यांच्या मधे दोन हात अंतर. रज्जाकभाई वैतागून माझ्याकडं यायचे. "मॅडम, मेरेकू शिपाई रखे क्या पोस्टमन रखे?"

मग मी डोकं चालवलं. त्याच पेपरची दुसरी प्रत सुरू केली. एक ह्या टोकाला ठेवली, एक त्या टोकाला. झालं, मिटलं भांडण, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी बघते तर दुसऱ्या प्रतीची घडीसुद्धा मोडलेली नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी मी अण्णारावांना विचारलं, ह्याला हात का लावत नाही?

"तो दुसरा हाय, मॅडम."

मी म्हटलं, अहो अण्णा, तोच आहे. तीच तारीख, त्याच बातम्या, तेच राशिभविष्य.

"असंल तेच. पण आमचा हा हाय."

नागनाथरावांना विचारायला गेले. ते मान वर न करता म्हणाले, दुसऱ्या पेपरचा कागद जरा वेगळा लागून राहिला. महिनाभर ती दुसरी प्रत तशीच घडीची घडी रद्दीत गेली. कार्यकारिणीच्या बैठकीत विचारणा झाली, हा दुसरा पेपर वाचतं कोण? मी काय सांगणार? म्हटलं, राखीव आहे.

*

आता आमच्या अध्यक्षांविषयी. बापूसाहेब निवृत्त मुख्याध्यापक आहेत. जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, आता माझ्या तपासतात. चहाच्या बिलावरचा अनुस्वारसुद्धा दुरुस्त करून मगच सही करतात. माणूस लई गुणाचा, पण चुकीचं मात्र त्यांना दुसऱ्याचंच दिसतं.

एकदा वरून पत्र आलं, की नुसती पुस्तकांची देवघेव करू नका, लोकांसाठी उपक्रम घ्या. बापूसाहेबांच्या अंगात आलं. त्यांनी लातूरहून एका लेखकांना बोलावलं. विषय, वाचनसंस्कृती लोप पावते आहे काय. मी मनात म्हटलं, ह्या विषयाला मी, रज्जाकभाई आणि माईकवाला, एवढेच असू.

पण त्या दिवशी गावाला वीज देणारी डीपी जळाली. सकाळपासून लाइट नाही. ऑक्टोबरचा उकाडा, त्यात सगळ्यांचे मोबाइल मेलेले. गावात इन्व्हर्टर होता तो वाचनालयात. संध्याकाळी हॉल असा भरला, की बापूसाहेबांना गहिवरून आलं. मधल्या खुर्च्या मात्र रिकाम्या, सगळी माणसं भिंतीला चिकटून. रज्जाकभाईंनी घरून एक्स्टेंशन बोर्ड आणून दिले होते.

लेखक भारावले. "कोण म्हणतं वाचनसंस्कृती संपली?" म्हणाले, आणि बोलत सुटले. एकही माणूस उठला नाही. चार्जिंग अर्धंच झालं होतं ना! तेवढ्यात रस्त्यावरचा दिवा लागला. अख्खा हॉल एका झटक्यात उभा राहिला. लेखकांना वाटलं, मानवंदना. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तेव्हा समोर मी आणि माईकवाला.

ते अजून फोन करतात. म्हणतात, असे श्रोते मला पुण्यातही भेटले नाहीत, पुन्हा बोलवा. मी सांगते, लाइटवाल्यांना विचारून तारीख कळवते.

*

मग संक्रांत आली. बापूसाहेब म्हणाले, वाचनालयात हळदीकुंकू ठेवा आणि वाण म्हणून पुस्तक द्या. कल्पना झकास होती. पुस्तकं मी निवडते म्हटलं, तर नको म्हणाले, ते स्वतःच उदगीरला जाऊन, एक दुकान बंद होत होतं तिथून गठ्ठा घेऊन आले. रंगीत कागदात बांधून तयार. सगळ्या बायकांना एकच पुस्तक.

बायका नटूनथटून आल्या. हळदकुंकू झालं, तिळगूळ झाला. पहिल्या बाईनं लाडू तोंडात टाकला आणि कागद फाडला. मधुमेहावरचं पुस्तक! पहिल्याच पानावर ठळक अक्षरात, आजपासून गोड बंद. तिनं ते मोठ्यानं वाचलं आणि हॉल हसून हसून आडवा झाला. लाडू मात्र कुणी खाली ठेवला नाही. आणि सांगते, आमच्या वाचनालयाच्या इतिहासात एवढं वाचलं गेलेलं पुस्तक दुसरं नाही. प्रत्येकीच्या घरी एकतरी शुगरवाला होताच.

सगळ्या गेल्या, एक बाई थांबली. कमलबाई, म्हणजे नागनाथरावांची बायको. माहेर शिरूर अनंतपाळचं, बोलायला फटकळ, पण त्या दिवशी पदराशी चाळा करत उभी. मी म्हटलं, बसा की. बसली, आणि म्हणाली, आमचे भासरे चाललेत. भासरे म्हणजे थोरले दीर, अण्णाराव. त्यांची बायको वारल्यापासून ते भिंतीपलीकडं एकटेच असतात. कमलबाई भिंतीवरून भाकरी देते, ते घेतात. आता त्यांचा मुलगा पुण्यात फ्लॅट घेऊन बसलाय, तो मे महिन्यात न्यायला येणार. कायमचं. इकडच्या घराला कुलूप.

"आमचे मालक काही बोलत न्हाईत," ती म्हणाली. "पण चार दिवस झालं, ताटावरून उठून जाऊन राहिले. मॅडम, भासरे जायच्या आधी एकदा तरी बोलायला लावा दोघांला. न्हाईतर आमचे हे जन्मभर मनाला लावून घेतील. मी वळखते की त्यांला."

मी काय जादूगार आहे का? पण तिचा चेहरा बघितला आणि "बघते" म्हणून बसले. पुस्तक हरवलं तर दुसरं मागवता येतं. हे कुठून मागवायचं?

*

पहिला उपाय म्हणून मी कॅरमच्या डबल्सची स्पर्धा काढली. कॅरममधे जोडीदार समोरासमोर बसतात, बघावंच लागतं एकमेकांकडं. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरणार असं जाहीर केलं. चिठ्ठ्या रज्जाकभाईंनी काढल्या. कुठली चिठ्ठी कुठं ठेवायची ते त्यांना मी सांगून ठेवलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही. अण्णाराव आणि नागनाथराव, एक जोडी. माघार घ्यावी तर दुसरा म्हणणार, घाबरला. दोघंही येऊन बसले.

पण नियम लिहिले होते बापूसाहेबांनी. तेही बोर्डावर, सुवाच्य अक्षरात. जोडीदाराशी बोलल्यास जोडी बाद.

मी वाचलं आणि कपाळावर हात मारला. आता काय करता? पंच खुद्द बापूसाहेब. पहिली जोडी मास्तरांची, "क्वीन घे, क्वीन" म्हणाली आणि बाद. दुसरी जोडी दुकानदारांची, एक नुसता "अर्रर्र" म्हणाला. बापूसाहेब म्हणाले, उद्गारवाचक असलं तरी ते बोलणंच. बाद. एक नवरा-बायको चिठ्ठीनंच एकत्र आले होते, ते तर स्ट्रायकर लावायच्या आधीच गेले. बाई म्हणाली होती, "तुम्हाला जमणार नाही."

आणि हे दोघं? चकार शब्द नाही. मान खाली, स्ट्रायकर, टक्. एकानं सोंगटी भोकाच्या तोंडाशी आणून ठेवायची, दुसऱ्यानं ती आत टाकायची. कोण काय खेळणार हे जणू दोघांना पाठ. संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या बोलक्या जोड्या बाद झाल्या आणि आमची जोडी जिंकली.

बक्षीस एकच कप. फोटोसाठी दोघांनी कपाचा एकेक कान धरला आणि एकानं दाराकडं बघितलं, एकानं खिडकीकडं. बापूसाहेबांनी मौनाच्या सामर्थ्यावर भाषण केलं. कप दोघांनीही घरी नेला नाही. तो आमच्या कपाटावर आहे, रज्जाकभाई त्यात किल्ल्या ठेवतात. आणि कमलबाई जिन्यात मला म्हणाली, "मॅडम, बोलतं करा म्हणलं व्हतं, तुम्ही तर न बोलल्याचं बक्षीस देऊन राहिलात."

*

उन्हाळ्याची सुट्टी लागली तसा पोरांसाठी ‘आजोबांची गोष्ट’ हा उपक्रम सुरू केला. रोज दुपारी चारला, वरच्या हॉलमधे. एका कोपऱ्यात अण्णाराव, दुसऱ्या कोपऱ्यात नागनाथराव. पोरांनी वाटेल तिथं बसावं. मी दोघांनाही एवढंच सांगितलं, तुमच्या आईनं सांगितलेली गोष्ट सांगा.

दोघांची आई तर एकच. गोष्टही एकच निघाली. ज्वारीच्या रानात शिरलेल्या एका कोल्ह्याची. अर्ध्या तासानं एक पोरगी धावत माझ्याकडं आली. "मॅडम, इकडच्या आजोबाचा कोल्हा मेला आणि तिकडच्या आजोबाचा पळून गेला. खरं काय?"

मी म्हटलं, त्यांनाच विचार. ती अण्णारावांकडं गेली. अण्णाराव म्हणाले, पळाला. माझी माय मला पळालाच म्हणून सांगायची. त्या आजोबाला सांग, तू गोष्ट संपायच्या आधीच झोपायचास, शेवट तू ऐकलाच न्हाई.

पोरगी इकडं धावली. नागनाथराव ताठ बसले.

"सांग त्याला, झोपत नव्हतो. डोळे मिटून पडलो असायचो."

ती परत तिकडं. मग तिच्यामागं सगळी पोरं. कोल्हा राहिला बाजूला. घोंगडीत जागा कुणाला जास्त मिळायची, गूळ कुणी चोरला आणि मार कुणी खाल्ला, विहिरीत कुणी ढकललं, सगळं पोरांच्या तोंडून ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. पोरं पळून पळून घामाघूम. पाच वाजता दोघंही उठले, आपापल्या वहाणा घातल्या आणि आपापल्या बाजूनं जिना उतरले. एकमेकांकडं बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पोरं दुप्पट आली. मी विचारलं, आज कुठली गोष्ट ऐकायची?

"गोष्ट नको, मॅडम. आज बी भांडणच सांगायला लावा."

मला जरा आशा वाटायला लागली होती. पण त्याच आठवड्यात अण्णारावांचा मुलगा येणार असल्याचं कळलं. सोमवारी गाडी घेऊन येणार, मंगळवारी पहाटे निघणार. अण्णारावांनी वाचनालयाचं कार्ड आणून माझ्या टेबलावर ठेवलं. "जमा करून घ्या," म्हणाले. मी म्हटलं, असू द्या तुमच्याकडं. म्हणाले, नको, तिकडं काय उपयोग.

*

आता शेवटचा उपाय उरला होता, आणि तो फार वाईट होता. बापूसाहेबांचं नाटक.

बापूसाहेबांनी तरुणपणी एक नाटक लिहिलं होतं. तीन अंकी, कौटुंबिक. स्वतःच छापलं. त्याच्या प्रती आमच्या कपाटाच्या खालच्या खणात आहेत. शेजारच्या पुस्तकांना वाळवी लागते, ह्यांना लागत नाही. रज्जाकभाई म्हणतात, "दीमक बी सोच के खाती, मॅडम." नाटकात दोन भाऊ आहेत. मी बापूसाहेबांना म्हटलं, अण्णारावांना निरोप म्हणून सोमवारी संध्याकाळी तुमच्या नाटकाचं वाचन ठेवू या का? एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली. मग दाराशी जाऊन वळले आणि म्हणाले, मात्र माझा एक स्वल्पविरामही इकडचा तिकडं होता कामा नये.

अण्णारावांना मी सांगितलं, तुम्ही थोरल्या भावाचं वाचा, धाकट्याचं एक मास्तर वाचणार आहेत. नागनाथरावांना सांगितलं, तुम्ही धाकट्याचं वाचा, थोरल्याचं मास्तर वाचणार आहेत. त्या मास्तरांना मात्र मी काहीच सांगितलं नाही. नागनाथराव आधी नको म्हणत होते. कमलबाईनं हो म्हणायला लावलं, कसं ते तिलाच माहीत.

सोमवारी संध्याकाळी लाइट असून हॉल भरला. गावात बातमी फुटली होती, ह्या दोघांपर्यंत तेवढी पोचली नव्हती. पुढं दोन खुर्च्या, दोन पुस्तकं. अण्णाराव येऊन बसले. मुलगा मागं उभा, गाडीची किल्ली बोटात फिरवत. मग नागनाथराव आले, समोरची खुर्ची बघितली आणि जागीच थबकले. अण्णारावांनीही वर बघितलं. दोघांनी मिळून माझ्याकडं असं बघितलं, की मी रज्जाकभाईंच्या मागं सरकले. पण आधी उठेल तो हरला! नागनाथराव बसले.

वाचन सुरू झालं. नाटकातला धाकटा भाऊ पहिल्याच पानावर म्हणतो, "दादासाहेब, चहा घेणार का?" नागनाथरावांनी पुस्तक तोंडापाशी धरून, एकेक अक्षर जुळवत वाचलं. हॉलमधे पंख्याचा तेवढा आवाज. अण्णाराव पुस्तकात बघून म्हणाले, "घेईन. साखर कमी टाक." कमलबाईनं तोंडाला पदर लावला. पुस्तकातलं का असेना, बोलले.

बापूसाहेब पहिल्या रांगेत स्वतःची प्रत मांडीवर घेऊन, ओळीवर पेन्सिल फिरवत बसले होते. पहिल्या अंकात त्यांनी दोनदा थांबवलं. एकदा अण्णारावांनी पूर्णविराम खाल्ला म्हणून, एकदा नागनाथरावांनी ‘नाही’ला ‘न्हाई’ म्हटलं म्हणून. दुसऱ्या अंकात दोघं जरा मोकळे झाले. नाटक रटाळ आहे, खोटं कशाला बोलू. पण माणसं हलली नाहीत, आणि ह्या वेळी भिंतीला कुणाचा चार्जर नव्हता.

तिसरा अंक आला. शेवटच्या प्रवेशात थोरला भाऊ घर सोडून निघतो. अण्णारावांनी वाचलं, "मी निघालो. सामान बाहेर ठेवलं आहे." आता धाकट्याचं वाक्य. मला पाठ होतं. "जा! आणि पुन्हा या घराचं तोंड पाहू नकोस."

नागनाथराव गप्प.

मला वाटलं, ओळ सापडेना. मी हळूच सांगितलं, "जा. आणि पुन्हा..." पुस्तक तसंच तोंडापुढं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुस्तक खाली घेतलं.

"मॅडम, हे चुकीचं छापलंय."

सगळ्यांच्या माना बापूसाहेबांकडं वळल्या. मी म्हटलं, संपलं. बापूसाहेब उठले. स्वतःची प्रत डोळ्यांजवळ नेली, ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग पेन्सिलीनं त्या ओळीवर सरळ रेघ मारली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "छापखान्याची चूक आहे ती. नागनाथराव, तुम्ही पुढं बोला." आणि खाली बसले.

नागनाथरावांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"अण्णा, जाऊ नको."

अण्णारावांनी घाईघाईनं पुस्तकात बघितलं. पान उलटलं, परत मागं आले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, आता माझं वाक्य कोणतं हाय?"

मी म्हटलं, अण्णा, पुस्तकात नाही. तुमचं तुम्हीच बोला.

अण्णारावांनी पुस्तक खुर्चीखाली ठेवलं. उपरण्यानं तोंड पुसलं. मागं मुलाच्या बोटातली किल्ली थांबली होती. मग त्यांनी धाकट्याकडं बघितलं, चांगलं निरखून.

"नाग्या, डोळे दाखव की रे कुणाला. दोन वर्षं झालं बघून राहिलो, पेपर नाकाला लावून वाचून राहिलास."